सीडरच्या फळीवर सॅल्मन : तीन उन्हाळे वापरून झाल्यावर

तीन उन्हाळ्यांत आमच्या ग्रिलवर चोवीस फळ्या झाल्या. त्यातल्या तीन धडधडून पेटल्या, एक मधोमध तडकली आणि तिच्यावरचा मासा थेट बर्नरवर गेला. उरलेल्या वीस फळ्यांवर जो सॅल्मन झाला, त्याच्याइतका चांगला मासा या देशात आल्यापासून मी दुसरा खाल्लेला नाही.

मी मूळची वेंगुर्ल्याची. गेली चौदा वर्षं सिॲटलजवळ इसाक्वा गावात राहते. मे महिन्याच्या मध्यावर अलास्कातल्या कॉपर नदीचा पहिला सॅल्मन दुकानात आला की ओळखीच्या मराठी घरांतून फोन सुरू होतात. ती लाकडाची फळी घ्यावी का गं? वीस-बावीस डॉलर घालून काय मिळतं? दर वेळी फोनवर अर्धवट सांगितलं जातं, आणि मग कुणाची तरी फळी पेटते. म्हणून या वेळी सगळं लिहूनच काढते.

आधी वस्तू काय आहे ते. दुकानात 'सीडर ग्रिलिंग प्लँक' म्हणून जी मिळते ती रंधा मारलेली, पण रंग-पॉलिश काहीही नसलेली साधी लाकडी पट्टी. लांबी साधारण पंधरा इंच, रुंदी साडेपाच ते सात. पाण्यात भिजवायची, ग्रिलच्या जाळीवर ठेवायची, वर मासा ठेवायचा आणि झाकण लावायचं. खालून फळी करपायला लागते, तिचा धूर झाकणाखाली कोंडतो आणि मासा त्या धुरात, फळीतून निघणाऱ्या वाफेवर शिजतो. उलटायचा नाही, हलवायचा नाही. जाळीवर मासा चिकटून त्याचा भुगा होतो म्हणून ज्यांनी ग्रिलवर मासे करणं सोडून दिलंय, त्यांना तर हे फारच सोयीचं आहे. फळीसकट उचलायचा आणि तसाच टेबलावर न्यायचा.

लाकूड वेस्टर्न रेड सीडरचं. पाकीट फाडलं की शाळेत पेन्सिलीला टोक काढताना यायचा तो वास येतो, अगदी तोच. नावात सीडर असलं तरी आपल्या देवदाराशी याचं नातं लांबचं. देवदार हा खरा सीडर, पाइनच्या कुळातला. हा सायप्रसच्या कुळातला, याचं शास्त्रीय नाव थुजा प्लिकाटा. वॉशिंग्टन राज्यात आणि वर कॅनडात ब्रिटिश कोलंबियात याची रानं आहेत. ब्रिटिश कोलंबियाने तर १९८८ साली यालाच आपला प्रांतवृक्ष केलं. पावसात हे लाकूड सहसा कुजत नाही, म्हणून इकडे घरांच्या छपरांवर आणि कुंपणाला हेच वापरतात.

त्यामुळे कुणालाही मोह होतो तो झालाच. मागच्या अंगणाचं कुंपण नवीन केलं तेव्हा दोन-तीन फळ्या उरल्या होत्या. त्याच कापून घेऊ, असं नवऱ्याचं म्हणणं. मी नको म्हटलं, कारण कुंपणाच्या लाकडाला काय फासलेलं असतं याचा भरवसा नसतो, आणि फासलेलं असेल तर ते धुरातून माशात येणार. मग तो लाकडाच्या वखारीतून कोरी फळी घेऊन आला आणि डेकवर करवतीने कापायला बसला. दोन दिवस खोकत होता. नंतर वाचलं तेव्हा कळलं की या लाकडाच्या भुश्यात प्लिकॅटिक आम्ल असतं आणि लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांना त्याने दमा होतो. त्यामुळे माझं स्पष्ट सांगणं आहे: खाण्यासाठी म्हणून कापलेली, तयार फळीच विकत घ्या. चार डॉलर वाचवायला घरी करवत चालवू नका.

बऱ्याच पाकिटांवर 'हजारो वर्षांची आदिवासी पद्धत' असं छापलेलं असतं. मला ते खटकतं, कारण या किनाऱ्यावरच्या लोकांची खरी पद्धत यापेक्षा कितीतरी देखणी आहे आणि ती अशी एका ओळीत उरकू नये. कोस्ट सॅलिश लोक सॅल्मन पाठीतून चिरून पुस्तकासारखा उघडतात, सीडरच्या कामट्यांत ताणून बसवतात आणि त्या कामट्या ऑल्डरच्या विस्तवाभोवती जमिनीत तिरप्या रोवतात. मासा उभ्याने, आचेच्या कडेला, सावकाश भाजला जातो. सिॲटलसमोरच्या ब्लेक बेटावर १९६२ पासून कितीतरी वर्षं बोटीने आलेल्या पाहुण्यांना असा मासा करून वाढत. मी तो एकदाच खाल्ला, इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी, आणि त्या विस्तवाची धग अजून गालावर आठवते. आडव्या फळीवर मासा भाजण्याच्या कृती जुन्या अमेरिकन पाकपुस्तकांत आहेत, पण तिथे फळी बहुतेक ओकची आणि मासा पूर्व किनाऱ्यावरचा काटेरी शॅड. आज आपण गॅसच्या ग्रिलवर करतो ते या दोन्हींच्या मधलं काहीतरी आहे. त्याची चव चांगली आहे, तेवढं त्याला पुरे.

आता मासा. फळी कितीही चांगली आणा, मासा चुकला तर काही खरं नाही. आणि मराठी घरांत पहिला गोंधळ रावसाने होतो. मुंबईत हॉटेलांच्या मेन्यूवर रावसाला 'इंडियन सॅल्मन' लिहितात, म्हणून सॅल्मन म्हणजे रावसच असं धरून लोक तशीच तुकडी मागतात. दोघांचा काही संबंध नाही. रावस पांढऱ्या मांसाचा, त्याची तुकडी तव्यावर रव्यात घोळून करावी. सॅल्मन लाल-नारिंगी आणि तेलकट, आणि त्याचे पदर सुटतात. फळीसाठी तुकड्या नकोतच, कातडीसकट अख्खी बाजू किंवा तिचे चार बोटं रुंद तुकडे घ्यायचे.

पॅसिफिकचे पाच सॅल्मन इथे मिळतात: किंग म्हणजे चिनूक, सॉकाय, कोहो, पिंक आणि चम. शिवाय नॉर्वे, चिली वगैरेकडून येणारा, पिंजऱ्यात वाढवलेला अटलांटिक सॅल्मन बारा महिने असतो. फळीवर मी सगळ्यात जास्त सॉकाय केला. त्याचा रंग गडद लाल, मांस घट्ट, चरबी कमी. चरबी कमी म्हणूनच तो जाळीवर किंवा तव्यावर एक मिनिट जास्त राहिला तरी कोरडा ठणठणीत होतो. फळीवर खालची आच थेट लागत नाही, त्यामुळे सॉकाय इथे वाचतो. किंग मुळातच इतका तुपाळ असतो की त्याला फळीची गरज नाही, आणि त्याच्या किमतीत पहिलाच प्रयोग करू नये. अटलांटिक सॅल्मन फळीवर बरा होतो, चुकायची भीती कमी, पण मऊ पडतो आणि सीडरचा वास त्याच्यावर चढून बसतो. नवशिक्यांनी कोहोने सुरुवात करावी. किंमत मध्यम, चव सौम्य.

मासळीवालीकडे जसं कल्ले उघडून बघतो तसं इथे बघता येत नाही, मासा कापूनच ठेवलेला असतो. मी बोटाने मांस दाबून बघू का असं विचारते, आणि दुकानदार बहुतेकदा स्वतः दाबून दाखवतो. खळगा लगेच भरून आला पाहिजे. पदरांमध्ये फटी पडलेल्या दिसल्या तर तो तुकडा नको. घरी आल्यावर मधल्या रेषेवरून उलटं बोट फिरवलं की बारीक काटे टोचतात. ते चिमट्याने, काटा ज्या दिशेला झुकलाय त्याच दिशेला ओढून काढायचे. सॉकायच्या एका बाजूला वीस-तीस निघतात. दहा मिनिटं जातात, पण मुलांना निर्धास्त वाढता येतो.

फळ्या मी चार प्रकारच्या वापरल्या.

पहिल्या वर्षी एका मोठ्या दुकानातलं सगळ्यात स्वस्त पाकीट आणलं. फळी जेमतेम सहा मिलिमीटर जाड, आणि पाकिटावर लिहिलेलं की पंधरा मिनिटं भिजवली की झालं. मी लिहिलं होतं तसंच केलं. घरी दोन कुटुंबं जेवायला आलेली, भात आणि सोलकढी तयार. सातव्या-आठव्या मिनिटाला झाकणाच्या कडेने जाड पिवळा धूर यायला लागला, उघडून बघते तर फळीच्या दोन्ही कडा पेटलेल्या. पाणी मारेपर्यंत ती गाठीपाशी तडकली आणि अर्धा मासा जाळीच्या फटींतून खाली गेला. बाहेरून काळा आणि आत कच्चा असा उरलेला अर्धा मासा मी तव्यावर घेऊन वाढला. मुलांनी अंडी खाल्ली. त्या दुकानाला मी लिहिलं, फळीचा फोटोही पाठवला, उत्तर आलं नाही. वाईट याचं वाटतं की असं पाकीट एकदा घेतलेला माणूस पुन्हा फळीच्या वाटेला जात नाही.

दुसऱ्या पाकिटातल्या फळ्या अकरा मिलिमीटर. घरी मोजपट्टीने मोजल्या. हाच माझा आजचा प्रकार, आणि फळी घ्यायची असेल तर माझं एवढंच ऐका: पाकिटावरचे शब्द वाचू नका, जाडी बघा. बोटाच्या पेरापेक्षा बारीक फळी घेऊ नका. शिरा लांबीच्या दिशेने सरळ जाणाऱ्या हव्यात आणि गाठ शक्यतो नको, कारण फळी तडकते ती गाठीपासून.

तिसरी ऑल्डरची. इकडे सॅल्मनला धुरी द्यायला हेच लाकूड परंपरेने वापरतात. धूर हलका, जरासा गोडसर. ज्यांना सीडरचा वास औषधी वाटतो, आणि माझ्या दोन मैत्रिणींना तो वाटतो, त्यांनी ही घ्यावी. जाड किंगसाठी मीही हीच घेते.

चौथा प्रकार म्हणजे सीडरचे कागदासारखे पातळ पापुद्रे. भिजवून मऊ झाले की माशाचा तुकडा त्यात गुंडाळायचा आणि दोऱ्याने बांधायचा. पाच-सहा मिनिटांत होतो. दिसतं सुंदर, पाहुण्यांच्या ताटात एकेक पुडी ठेवता येते. पण मासा वाफेवरच शिजतो, धुराचा वास जेमतेम लागतो. दोनदा केलं, पुन्हा आणले नाहीत.

भिजवण्याबद्दल लोक फार वाद घालतात, म्हणून मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनच केलं. कोरडी फळी २२० ग्रॅम. तासाभराने २५६, चार तासांनी २७८. म्हणजे पहिल्या तासातच बरंचसं पाणी पिऊन होतं, पण पुढचं पाणीही वाया जात नाही. मी दोन तास भिजवते. खोलगट ट्रेमध्ये फळी ठेवायची, ती तरंगते म्हणून वर लोणच्याची भरलेली बरणी ठेवायची. पाण्यात मूठभर जाडं मीठ घालते. त्याने फळीत चव मुरते की नाही हे सांगता येणार नाही, पण सवय झाली आहे.

मग ग्रिल. आमचा तीन बर्नरचा गॅसचा आहे. तिन्ही पेटवून झाकणावरचा काटा ४०० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २०० सेल्सिअसला, आणते. आधी नुसती फळी तीन-चार मिनिटं ठेवायची. ती तडतडायला लागते आणि खालून तपकिरी होते. की उलटायची, आणि या भाजलेल्या बाजूवर मासा कातडी खाली करून ठेवायचा. ही पायरी टाळू नका. थंड, ओल्या फळीवर मासा ठेवला तर तो उकडल्यासारखा होतो आणि वास उशिरा लागतो. फळीखालचा बर्नर मंद, कडेचे दोन मध्यम, झाकण बंद. इंचभर जाडीच्या सॉकायला माझ्या ग्रिलवर बारा ते चौदा मिनिटं लागतात. हाताशी पाण्याची फवाऱ्याची बाटली हवीच. कडेला ज्योत दिसली की दोन फवारे, आणि झाकण लगेच परत.

शिजला कसा ओळखायचा हा खरा प्रश्न. अमेरिकेच्या अन्न खात्याचं सांगणं १४५ फॅरनहाइटचं आहे, म्हणजे ६३ सेल्सिअस. गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस जेवायला असेल तर मी तेवढा पूर्ण शिजवते. आम्हा दोघांसाठी जाड भागात सुई घालून १२८ला काढते आणि पाच मिनिटं फळीवरच राहू देते; तेवढ्यात तो आणखी चढतो. माशावर पांढरं दह्यासारखं काही फुटून वर येतं ते अल्ब्युमिन, माशातलंच प्रथिन. थोडं दिसलं तर घाबरू नये, पण ओघळ वाहायला लागले तर मासा आचेवर जास्त राहिला असं समजावं. आधी अर्धा तास मीठ लावून ठेवलं तर ते बरंच कमी होतं. आपल्याकडे मासा आणल्याबरोबर मीठ-हळद लावून ठेवतात, तेच इथेही कामाला येतं.

मसाल्याच्या बाबतीत मात्र माझे दोन उन्हाळे फुकट गेले. पहिल्यांदा साहजिकच मालवणी मसाला, हळद, आमसुलाचं आगळ, आलं-लसूण असं सगळं चोपडलं, सुरमईला लावतो तसं. मासा उत्तम शिजला आणि मसाला कच्चाच राहिला. जिभेवर धण्याची आणि मिरचीची पूड लागत होती. दोन-तीनदा असंच झाल्यावर कारण ध्यानात आलं. तव्यावर मसाला तेलात तळला जातो, म्हणून त्याचा कच्चेपणा मरतो. फळीवर माशाच्या पाठीला तेवढी आच लागतच नाही, तो वाफेत आणि धुरात असतो. म्हणून आता मसाला लावायचाच असेल तर आधी छोट्या कढल्यात दोन चमचे खोबरेल तेल तापवून त्यात लसूण आणि मसाला मंद आचेवर परतून घेते, गार करते आणि मगच माशाला लावते. तोही अगदी पातळ. इथले लोक ब्राऊन शुगर आणि मोहरीचं सॉस लावतात. तेही केलं. मुलांना आवडतं, मला गोड मासा नको वाटतो.

मागच्या जुलैमध्ये अण्णा, माझे वडील, वेंगुर्ल्याहून आले. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर मासे खाल्लेला माणूस, आणि इथल्या गोठवलेल्या माशांवर त्यांचा आधीच्या खेपेपासून राग. आल्या आल्या त्यांना मी बॅलर्डच्या जलबंधावर नेलं. १९१७ सालच्या त्या जलबंधाच्या बाजूला माशांना चढून जायला एकवीस पायऱ्यांचा जिना आहे, १९७६ मध्ये नव्याने बांधलेला, आणि खाली काचेतून मासे दिसतात. समुद्रातून गोड्या पाण्यात परतणारे सॉकाय काचेपाशी येऊन प्रवाहाला तोंड देत एका जागी थरथरत राहतात, मग एकदम झेप घेऊन वरच्या पायरीवर. अण्णा तिथून पाऊण तास हलले नाहीत. हात मागे बांधून उभे. निघताना एवढंच म्हणाले, "दमलेत गो ते."

त्या रविवारी मी फळीवर सॉकाय करायला घेतला. ते येताना तिरफळं घेऊन आले होते, म्हणून ठरवलं की बांगड्याला जे घालतो तेच घालायचं. तिरफळातली काळी बी काढून टाकली, टरफलं खलबत्त्यात भरड कुटली. मीठ, चमचाभर आगळ, खोबरेल तेल, एक हिरवी मिरची चिरून. बस. तेलकट माशाला तिरफळ चालतं हे कोकणात वेगळं सांगायला नको.

अण्णा ग्रिलपाशी खुर्ची टाकून बसले. मी फळी तापायला ठेवली, तडतड सुरू झाली, धूर निघाला. ते ताडकन उठले. "लाकूड जळता गो!" म्हटलं, जळू दे अण्णा, तेवढंच हवंय. त्यांना पटलं नाही. पुढची तेरा मिनिटं पाण्याची बाटली त्यांच्याच हातात होती, आणि ज्योत नसतानाही दोनदा झाकण उघडून त्यांनी फवारा मारला. मी काही बोलले नाही.

मासा टेबलावर आला. फळीच्या कडा कोळशासारख्या काळ्या, मधे मासा लाल, वर तिरफळाचे करडे कण. त्यांनी चमचा घेतला नाही. अंगठ्याने कडेचा एक पदर सरकवला. पदर अख्खा सुटला, कातडी फळीलाच चिकटून राहिली. तोंडात घातला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्यो हळदीच्या पानातल्या बांगड्यासारको लागता."

ते ऐकलं आणि तीन उन्हाळे जे हातून होत होतं त्याचा अर्थ मला लागला. आजी पावसाळ्याच्या शेवटी परसातली हळदीची पानं काढायची, मीठ-मिरची-तिरफळ लावलेला बांगडा त्यात गुंडाळायची आणि चुलीतले निखारे बाजूला सारून गरम राखेत ठेवायची. बाहेरचं पान जळून जायचं, आतलं करपायचं, आणि बांगडा आपल्याच तेलात नि पानाच्या ओलाव्यात शिजायचा. पानाचा वास लागायचा तो वरवर, पण मासा मऊ राहायचा तो पानामुळे. फळीचंही तसंच आहे. मी आजवर तिच्याकडे मसाल्यासारखी बघत होते, वास किती लागला हेच मोजत होते. तिचं खरं काम आगीच्या आणि माशाच्या मधे ओलं राहून हळूहळू जळण्याचं आहे. हे एकदा ध्यानात आलं की जाडी का महत्त्वाची, भिजवणं का महत्त्वाचं आणि मसाला का कमी हवा, हे निराळं पाठ करावं लागत नाही.

पाऊस आणि थंडी सुरू झाल्यावर ओव्हनमध्ये करून पाहिलं, कारण बऱ्याच जणांकडे ग्रिल नाही. आमच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये बाल्कनीत ग्रिलला परवानगीच नव्हती, तेव्हा ती अडचण मला माहीत आहे. भिजवलेली फळी ट्रेवर ठेवून ४०० फॅरनहाइटवर आधी दहा मिनिटं तापवली, मग मासा ठेवून सोळा मिनिटं. मासा छान मऊ झाला. पण फळी पेटत नाही, म्हणून धूर नाही, आणि धूर नाही म्हणून ती चव नाही. लाकडाचा मंद वास तेवढा आला. वरची आच थोडी वाढवायला गेले तर धुराचा अलार्म वाजला आणि खालच्या खोलीतला मुलगा धावत वर आला. ओव्हनवाल्यांनी फळीवर पैसे घालू नयेत असं माझं मत आहे. इथल्या आशियाई दुकानांत गोठवलेली केळीची पानं मिळतात. मासा त्यात गुंडाळा, कमी खर्चात जास्त चवीचं जेवण होईल.

एक फळी किती वेळा वापरायची? अकरा मिलिमीटरची फळी नीट भिजवली आणि पेटू दिली नाही तर दोनदा नक्की, कधी तीनदाही. चिकटलेली कातडी उलथण्याने खरवडायची आणि गरम पाण्याने ब्रशने घासायची. साबण अजिबात नको, लाकूड तो पितं आणि पुढच्या माशाला देतं. मग उन्हात उभी करून खडखडीत वाळवायची. ओली ठेवली की बुरशी धरते. एक फळी मी तशीच गॅरेजमध्ये ठेवली होती, महिन्याने तिच्यावर हिरवे ठिपके आले. दुसऱ्या खेपेला तिला सीडरचा वास निम्माच उरतो, पण पानाचं काम ती तेवढंच चोख करते. तीनदा झाल्यावर तुकडे करून कोंबडी भाजताना धुरासाठी कडेला टाकते. हिशेब केला तर वीस डॉलरच्या सहा फळ्यांत बारा ते पंधरा जेवणं होतात.

सहा माणसांसाठी पाऊण किलोची एक बाजू लागते, आणि थोडा मासा मुद्दाम उरवायचा. हे मला त्याच रविवारच्या दुसऱ्या दिवशी कळलं. फ्रिजमधला गार मासा अण्णांनी सकाळी स्वतः हाताने कुस्करला, कांदा बारीक चिरला, मूठभर ओलं खोबरं, दोन आमसुलं भिजवून त्यांचं पाणी, मिरची आणि वरून कच्चं खोबरेल. सुक्या बांगड्याची करतात तशी किसमूर. सुका बांगडा निखाऱ्यावर भाजल्याचा जो करपट वास किसमुरीला लागतो, तो इथे सीडरच्या धुराचा होता. मी उकड्या तांदळाची पेज केली. सप्टेंबरात परत जाईपर्यंत दर सोमवारी सकाळी अण्णा तेच खात होते, आणि रविवारी रात्री झाकून ठेवलेल्या माशाला मी हात लावू नये म्हणून फ्रिजपाशी घुटमळत होते.